तेलावर चालणारं हृदय

भेटल्यावर ते ‘काय म्हणता’ असं कधीच विचारत नसत. मधल्या बोटाचं पेर तुमच्या छातीवर आपटायचं, कान जरा पुढे आणायचा आणि विचारायचं, “फ्लेम कशी आहे?” समोर बाई असली तर टकटक दाराच्या चौकटीवर. प्रश्न मात्र तोच. लग्नात नवरदेवालाही त्यांनी हाच प्रश्न विचारलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या सासऱ्यालाही.

आमच्या वसाहतीत त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याला मी जबाबदार आहे. ते आता नाहीत, माझंही वय झालं, आणि परवा मैदानावर जे घडलं त्यानंतर हे नीट लिहून ठेवणं भाग आहे.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात आम्ही दोघं बॉयलरवर होतो. ते वयानं मोठे, हुद्द्यानंही. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मूळचे पोंभुर्ण्याकडचे, तलावात मासे धरणाऱ्या घरातले. अंगानं दांडगे, पायानं हलके, आणि गालात कायम खर्रा. आता, पुढे जो माणूस निरोगी हृदयाचा आचार्य म्हणून प्रसिद्ध झाला, तो दिवसभर सुपारी-तंबाखू चघळत होता, हे सांगितलेलं कुणाला आवडत नाही. पण होतं तसं होतं. कुणी टोकलं तर म्हणत, “खर्रा इंधन नाई हो. ग्रीस आहे.” त्या ग्रीसनं त्यांच्या जिभेची चव पार गेली होती. वहिनी एकदा मीठ घालायला विसरल्या, तेव्हा सगळ्या पंगतीत वरणाची तारीफ करणारे ते एकटेच. हा तपशील लक्षात असू द्या.

बॉयलर कोळशावर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण थंड बॉयलर कोळशानं पेटत नाही. आधी तेलाचा फवारा मारून ज्योत धरायची, भट्टी तापली की कोळसा सोडायचा आणि तेल काढून घ्यायचं. कोळसा ओला आला, ज्योत फडफडायला लागली, की पुन्हा तेलाचा टेकू. तेल महाग. तेव्हा ज्याच्या पाळीत तेल जास्त जळालं त्याचं तोंड दुसऱ्या दिवशी उतरलेलं असायचं. भाऊंचं कधी उतरलं नाही. भट्टीच्या बारीक झरोक्याला काळी काच लावून ते ज्योतीकडे बघत, जसं कुणी झोपलेल्या लेकराकडे बघावं, आणि हळूच म्हणत, “काढ तेल.” तेल जाळणं म्हणजे ऑपरेटरची लाज, ही त्यांची श्रद्धा. देवावर तितकी नव्हती.

अशा माणसाला त्याच्या पुतणीनं एका रविवारी जेवता जेवता सांगितलं, की माणसाचं हृदय मुख्यतः तेलावर चालतं.

पुतणी नागपूरला हृदयाची डॉक्टर. धाकट्या भावाची मुलगी, पण वाढली भाऊंच्याच घरी. मी त्या दिवशी पाटावर शेजारीच होतो.

“तेलावर मंजे?” भाऊंनी विचारलं.

“चरबीवर, मोठेबाबा. साखरही जाळतं, जेवणानंतर जरा जास्त. पण मुख्य इंधन चरबी.”

“ते सुरुवातीले असन. लाइट-अपच्या टायमाले. जन्मतो तवा.”

“उलट आहे. आईच्या पोटात असताना साखरेवर, जन्मल्यावर चरबीवर.”

भाऊंच्या हातातला घास तसाच राहिला. मासोळीचा रस्सा मनगटावरून कोपराकडे निघाला. “मंजे जन्मापासून आजपर्यंत माह्या छातीत तेल चालूच आहे? आन कोनीच बंद नाई केलं?” असं म्हणून त्यांनी वहिनींकडे पाहिलं. जसा काही व्हॉल्व्ह त्यांच्याकडे होता.

“माह्याकडे काऊन पायता?” वहिनी म्हणाल्या. “भात घ्या.”

झालं. त्या दिवसापासून भाऊंनी एकच काम हाती घेतलं: हृदयातलं तेल संपवायचं आणि त्याला कोळशावर आणायचं. कोळसा म्हणजे साखर, हे त्यांनीच ठरवलं. आणि तेल संपवायचा उपाय काय? तर रिकाम्या पोटी धावायचं. पुतणीनं फोनवर हसून सांगितलं, की शरीरात असं होत नाही. पण शरीर काय जाणतं? त्यानं कधी बॉयलर चालवला होता?

मग उपास सुरू झाले. सोमवारी शंकराच्या भक्तांबरोबर, पौर्णिमेला शेजारच्या बौद्ध कुटुंबाबरोबर, रमजानात कँटीनच्या चाचांबरोबर रोजे. “धर्म ज्याचा त्याचा,” ते म्हणत, “रिकामं पोट सगळ्याईचं.” साबुदाण्यावर मात्र त्यांचा भयंकर राग. एका एकादशीला माझ्या घरी येऊन त्यांनी खिचडीच्या ताटासमोर भाषण केलं. “उपास मंजे भट्टी बंद. भट्टी बंद करून कोनी कोळसा टाकते का? मंग गुदमरते ते.” माझ्या बायकोनं त्यांना ताकही दिलं नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं, उपास होता.

पहाटे उठून ते राखेच्या तलावाच्या बाजूनं धावायला जात. आमच्याकडे वाघ पाहुण्यासारखा नसतो, शेजाऱ्यासारखा असतो. कधी वसाहतीच्या भिंतीवर, कधी कन्व्हेअरच्या खाली. वनरक्षकानं हात जोडून सांगितलं, भाऊ, एकट्यानं त्या बाजूला धावू नका. भाऊ म्हणाले, “वाघ उपाशी, मी उपाशी. दोघंबी तेलावर चालून राह्यलो. तो काऊन मले खाईन?” पुढच्याच आठवड्यात वळणावर वाघ बसलेला दिसला. त्या दिवशी भाऊ नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर घरी आले. दारात उभं राहून धापा टाकत त्यांनी मला सांगितलं, “आज तेल, कोळसा, लाकूड, जे होतं ते सगळं जळलं.”

हळूहळू चेले जमले. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले. त्यांच्यात सर्वांत कट्टर आमचा टर्बाइनवाला फिटर. हाही खर्रा खाणारा, म्हणजे ग्रीसच्या बाबतीतही गुरूच्या वाटेनं चालणारा. भाऊंनी पाणी प्यायलं की तो पाणी पीत असे. भाऊंना शिंक आली की तो नाक पुसत असे.

वहिनींना मात्र झोप लागेना. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांचं बोलणं भात शिजतो तसं असे, झाकणाखाली. “पडतीन हे एक दिवस कुठीतरी,” त्या मला म्हणत. “आन तुमी सगळे मंग टाळ्या वाजवान.” शेवटी त्यांनी पुतणीला बोलावून घेतलं.

पुतणी आली आणि तिनं सरळ मुद्द्याला हात घातला. “मोठेबाबा, उपाशी धावून हृदयातली चरबी संपत नाही. वाढते.”

“कोनाची?”

“कोणाचीही. पोट रिकामं राहिलं की अंगावरची चरबी सुटून रक्तात येते. वरून व्यायाम केला की आणखी येते. हृदय ती ओढून घेतं, लागते तेवढी जाळतं आणि उरलेली थेंबाथेंबानं स्वतःतच ठेवून देतं. आजार नाही तो. जेवलात की पुन्हा उतरते. पण तुम्ही जे करायला निघालात त्याच्या बरोबर उलट होतंय.”

“मंजे टाकी भरते?”

“भरते.”

“माह्या हृदयात तेलाची टाकी?” शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “दुसऱ्याच्या असन.”

पैज लागली. पुतणीच्या दवाखान्यात एक मोठं यंत्र होतं. त्यात झोपवलं की हृदयात किती चरबी साठली आहे ते दिसायचं. एकदा नेहमीसारखं जेवून तपासायचं आणि एकदा दिवसभराच्या उपासानंतर, लांबवर चालून. दुसऱ्या वेळी चरबी वाढलेली दिसली, तर भाऊंनी जन्मभर खाऊन मगच धावायचं. नाही वाढली, तर पुतणीनं वसाहतीच्या क्रीडा मंडळासमोर उभं राहून सांगायचं की मोठेबाबा बरोबर आहेत, आणि वहिनींनी पुन्हा कधी टोकायचं नाही. उपासात पाणी चालेल, मीठ-लिंबू चालेल, आणखी काही नाही. आणि भाऊंवर नजर कोण ठेवणार? दोन्ही पक्षांना मान्य असा सज्जन माणूस म्हणून मी.

पहिली तपासणी झाली. दुसरीच्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. भाऊ आदल्या दिवसापासून उपाशी होते आणि अंगणात वासरासारखे उड्या मारत होते. वहिनींनी माझ्या पिशवीत बाटल्या ठेवल्या. एका बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी फिरत होतं. मी वर पाहिलं.

“ग्लुकोज आहे,” वहिनी हळूच म्हणाल्या. “पुडाबी ठेवला आहे खाली. संपलं का टाकत जा.”

“वहिनी, पैज आहे.”

“पैज तुमची. नवरा माहा.” मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हे पडले रस्त्यात, तर तुमाले उचलता येईन का?”

भाऊंचं अंग आणि माझं अंग यांचा विचार करून मी पिशवी सायकलला अडकवली.

ते पुढे चालत होते, मी मागून पॅडल मारत होतो. ऊन चढलं. भाऊ मधूनमधून हात मागे करत, मी बाटली देत असे. खर्रा एका गालात सरकवून ते गटागटा पीत. “लिंबू मस्त पिळलं तुया वहिनीनं,” एवढंच म्हणाले. बाटली संपली की मी झाडाआड जाऊन, लघवीचं निमित्त करून, पुड्यातलं ग्लुकोज पाण्यात ढवळत होतो. इतक्या वेळा गेलो की भाऊ काळजीनं म्हणाले, “तुले शुगर तर नाई ना लागली?” मी म्हटलं, नाही. साखर कुणाला लागत होती ते मला माहीत होतं.

दुपारी गाडीनं नागपूरला पोचलो. गाडीतही तीच बाटली. उपाशी माणूस इतका ताजातवाना बघून ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवसापासून उपास करायचं ठरवलं. यंत्रात सरकवताना तिथल्या माणसानं श्वास धरायला सांगितला, तर आतून भाऊंचा आवाज आला, “तुमच्या पंख्याचं बेअरिंग वाजून राह्यलं.”

पुतणी बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. पहिलं चित्र, दुसरं चित्र, पुन्हा पहिलं. “वाढली नाही,” ती म्हणाली. आनंदानं नाही, रागानंही नाही. जसं एखाद्यानं घराच्या दाराला रोजची किल्ली लावावी आणि ती फिरू नये.

भाऊ व्हरांड्यात नाचत होते. बाहेरच्या पहारेकऱ्याच्या छातीवर टकटक करून त्याची ज्योत विचारत होते. तेवढ्यात पुतणीनं मला खिडकीशी नेलं.

“काका, त्यांनी काही खाल्लं होतं का? खरं सांगा. गोड काही पोटात गेलं की अंगावरची चरबी सुटायची थांबते. मग हे असंच दिसलं असतं.”

आता बघा, तिनं उत्तर माझ्या हातात आणून दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. पण काचेपलीकडे तो म्हातारा होत चाललेला माणूस लहान मुलासारखा नाचत होता, आणि पिशवीत पुडा होता, आणि वहिनींचं नाव होतं. मी म्हटलं, “फक्त पाणी, बेटा.”

तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

शब्दाची पक्की पोरगी. पुढच्या रविवारी येऊन मंडळासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मोठेबाबांच्या हृदयात उपाशी चालूनही चरबी वाढली नाही. ते बरोबर आहेत.” तिनं एकाच हृदयाबद्दल सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी आपापलं हृदय त्यात बसवून घेतलं. टर्बाइनवाला तर उभा राहून ओरडला, “डॉक्टरनंच सांगितलं!” मी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना भाऊंचं उपाशी धावणं थांबवायचं होतं, आणि त्यांच्याच चमच्यानं ते कायमचं सुरू झालं होतं. तोंड उघडायची सोय ना त्यांना, ना मला.

भाऊ नंतर खूप वर्षं धावले. गुडघे बोलायला लागल्यावर चालले. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, मासोळी आणि भात पोटभर जेवून, वामकुक्षीला आडवे झाले ते उठले नाहीत. ऐंशीच्या घरात होते.

आणि गेल्या आठवड्यात मंडळाचा सेक्रेटरी माझ्याकडे आला. केंद्रातला तरुण इंजिनिअर, चांगला मुलगा. भाऊंच्या नावानं दौड ठेवली आहे, म्हणाला. नियम एकच: आदल्या सकाळपासून पोटात काही नको. फलकही करून आणला होता: ‘रिकामं पोट, निरोगी हृदय’. खाली भाऊंचा फोटो, गाल फुगलेला.

“पोरं उपाशी धावणार? एवढ्या उन्हात?”

“डॉक्टरांनीच सांगितलंय ना, काका. आणि साक्षीला तर तुम्हीच होता. म्हणून प्रमुख पाहुणेही तुम्हीच.”

मी ‘बघतो’ म्हटलं आणि चप्पल घालून वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, आता सांगून टाकावं लागतं, कुणी पोरगं पडलं तर? इतकी वर्षं भाऊ उपाशी धावले हे खरं असलं तरी...

“कोन उपाशी धावलं?” वहिनींनी विचारलं.

“भाऊ.”

“भाऊजी, त्याईची सकाळची बाटली रोज कोन भरत होतं?”

मी चप्पल काढून समोर बसलो.

“नागपूरच्या दिवशी समजलं ना मले, का त्याईले गोडबी समजत नाई,” वहिनी म्हणाल्या. “मंग मी काऊन थांबू? एक दिवस नाई चुकवला. माहेरी गेली तरी बाटल्या भरून ठेवून जात होती.” मग त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. “सांगा तुमी खुशाल. पन माहं नाव आधी घ्या.”

घरी येऊन मी पुतणीला फोन लावला. सगळं सांगितलं, पुड्यासकट, झाडांसकट. 

“काका,” ती म्हणाली, “मी ते यंत्र दुरुस्त करवून घेतलं होतं. दोनदा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिथल्या माणसाला रागावलेसुद्धा. आणि नंतर कधी कुठलं चित्र नीट दिसलं तरी मनात यायचं, मोठेबाबांच्या वेळी चुकलं होतं, आता कशावरून बरोबर?” मग तिला हसू आलं की रडू, फोनवर कळलं नाही. “म्हणजे रोज ग्लुकोज?”

“रोज.”

“त्यांना तेल काढून हृदय कोळशावर आणायचं होतं ना? धावताना त्यांच्या अंगावरचं तेल सुटूच दिलं नाही मोठीआईनं. बसल्या जागी, चमच्यानं, कोळशावर आणलं.” मग ती म्हणाली, “मी येते दौडीला.”

मैदानावर पोरंपोरी जमली होती. चेहरे उतरलेले, ओठ कोरडे, पण डोळ्यांत तीच भाऊंची जिद्द. सेक्रेटरीनं माइक दिला. मी आधी वहिनींचं नाव घेतलं, मग माझं. सगळं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर पुतणीकडे वळून म्हटलं, “त्या दिवशी तू बरोबर होतीस, बेटा. मी खोटं बोललो.”  मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि ते हसू रांगेतून पुढे येत गेलं. पुतणीनं माइक घेतला आणि एवढंच म्हणाली, “आता सगळ्यांनी आधी खा. दौड उद्या सकाळी.” सेक्रेटरी माझ्या कानाशी लागला, “काका, फलकाचं काय करू?”

“राहू दे ना,” वहिनी म्हणाल्या. “सावली होते.”

त्या फलकाखाली टेबल मांडून बसल्या होत्या. समोर घंगाळात ग्लुकोज घातलेलं लिंबूपाणी, बाजूला फुटाणे-गूळ. पुतणी पेले भरत होती. एवढ्यात टर्बाइनवाला आला, उशिरा, हातात काठी, गालात खर्रा. माझं बोलणं त्यानं ऐकलं नव्हतं.

“वहिनी, मी तं उपाशीच हावो,” तो म्हणाला. “भाऊचा शब्द आहे. फक्त पानी द्या.”

वहिनींनी पेला पुढे केला. त्यानं तो उचलला, ओठाशी नेला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, “साक्षीदार, फक्त पानीच आहे ना?”

पेले भरणारी पुतणी थांबली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“ग्लुकोज आहे,” मी म्हटलं. “भाऊंच्या बाटलीतही होतं. रोज.”

त्यानं पेल्यात पाहिलं. फलकावरच्या भाऊंकडे पाहिलं. मग वळून गालातला खर्रा थुंकून टाकला, चूळ भरली, पेला एका दमात रिकामा केला आणि वहिनींसमोर पुन्हा धरला.

“बरं लागते,” तो म्हणाला.